मधला थर

शनिवारी दुपारी डबा उघडायच्या बेतात असताना श्रीरंगला समोरच्या पडद्यावर आपल्या वडिलांचं नाव दिसलं. त्यात नवल काही नव्हतं. ते नाव त्यानेच सकाळी भरलं होतं: एकनाथ राऊत, वय ब्याऐंशी, राहणार गिरीज. नवल होतं ते खालच्या ओळीचं. ‘औषधांची अ‍ॅलर्जी’ या रकान्यापुढे काहीही लिहिलेलं नव्हतं, आणि तरी त्याच्या शेजारी हिरव्या अक्षरांत उमटलं होतं: पेशंटला विचारले आहे. श्रीरंगचा हात डब्याच्या कडीवर तसाच राहिला. कुणी विचारलं, असा प्रश्न त्याच्या मनात आला, आणि तो औषधांविषयीचा नाही हे त्याला त्याच क्षणी कळलं. उद्या सकाळी आप्पांचं सामान विरारला, श्रीरंगच्या घरी, आणायला गिरीजला टेम्पो जायचा होता. पलंग, कपाट, आईचं शिवणयंत्र, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आप्पा. सगळं ठरलं होतं. भूक मेली तसा त्याने डबा बाजूला सारला.

खोटे पेशंट भरायचे तर नावं घरच्या माणसांची भरायची, ही पद्धत एडवर्डने पाडलेली. पापडीला त्याच्या घराच्या पडवीत दोघांनी मिळून ही कंपनी काढली तेव्हाची. कंपनी म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि एडवर्डच्या आईच्या हातचा चहा. लहान लहान हॉस्पिटलांना पेशंटची माहिती ठेवायची सोय करून द्यायची, एवढाच धंदा. तयार झालेला भाग तपासायला बनावट पेशंट लागतात, तेव्हा एडवर्ड म्हणाला होता, “परक्याचं नाव टाकलं की हात सैल सुटतो रे. माझ्या मायचं नाव टाक, बघ कसा जपून लिहितोस.” तेव्हापासून कार्मिनबाईंना या कंपनीने किती वेळा अ‍ॅडमिट केलं, किती वेळा त्यांचं रक्त बदललं, त्याला गणती नाही. बाई शेवटपर्यंत ठणठणीत होत्या आणि एका रविवारी मिसाहून परत येताना रस्त्यातच गेल्या. श्रीरंगने तेव्हा आपल्या आईचं नाव भरायला घेतलं, लीला राऊत. आणि मागच्या श्रावणात ती गेल्यावर आता आप्पांचं. पद्धत चांगलीच होती. उगाच नाही वसईपासून पालघरपर्यंत इतकी हॉस्पिटलं त्यांच्या भरवशावर निवांत होती. पण घरच्या माणसाचं नाव पडद्यावर असलं की पडदा कधी ना कधी घरचंही काही सांगायला लागणार, हा विचार तेव्हा दोघांनाही शिवला नव्हता.

“सर, हे हिरवं कसं आलं?” क्षितिजा त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. गेल्या वर्षी आलेली, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी मुलगी. विरारला सातव्या मजल्यावर वाढलेली, तिचे आईवडील देशावरून आलेले. कामाला वाघ. “रकाना तर रिकामा आहे. जुन्या इंजिनवर हेच भरलं तर लाल येतं, ‘माहीत नाही, विचारा.’ नव्यावर हिरवं येतंय.”

“रिकामा आहे म्हणूनच,” श्रीरंग म्हणाला. सांगायला सोपं होतं. खाली डेटाबेसचं इंजिन असतं, माहिती पोटात ठेवणारं आणि मागितली की शोधून देणारं. वर नर्सच्या, डॉक्टरच्या समोरचे पडदे. या दोघांचं थेट बोलणं नाही. मध्ये एक थर असतो, तो वरचं खाली सांगतो आणि खालचं वर. तो मधला थर श्रीरंगने लिहिला होता, तरुणपणी, एकट्याने. जुन्या इंजिनची एक खोड होती. त्याला रिकामं आणि माहीत नसलेलं यातला फरक कळत नसे. नर्सने रकाना रिकामा सोडला तरी ते तो ‘माहीत नाही’ म्हणूनच पोटात घ्यायचं. श्रीरंगने त्या खोडीवर विसंबून पुढचं सगळं रचलं: ‘माहीत नाही’ दिसलं की लाल, बाकी काहीही दिसलं की हिरवं. इतकी वर्षं ते बिनघोर चाललं. आता जुन्या इंजिनच्या कंपनीने ते सांभाळणं सोडून दिलं होतं, म्हणून नवं आणलं. आणि नवं इंजिन शिस्तीचं. त्याच्या लेखी रिकामं म्हणजे रिकामं, माहीत नाही म्हणजे माहीत नाही, दोन्ही वेगळी. थराला ‘माहीत नाही’ सापडलं नाही, म्हणून त्याने बेधडक सांगून टाकलं, विचारले आहे. आणि हिरवं दिसलं की नर्स पुन्हा विचारत नसते. ती सरळ सुई भरते.

“म्हणजे आपला अख्खा थर एका इंजिनच्या खोडीवर उभा होता,” क्षितिजा म्हणाली. तिच्या बोलण्यात खोचकपणा नव्हता, खरोखरचं आश्चर्य होतं. “आणि हे कुठे लिहिलेलंही नाही.”

“लिहायला कशाला हवं. मला ठाऊक होतं.” हे तो बोलून गेला आणि बोललेलं त्याच्या कानाला लागलं. आपला आवाज नाही हा. स्वयंपाकघराच्या दारात, ओले हात पदराला पुसत उभ्या असलेल्या आईचा आवाज. मला ठाऊक आहे त्यांचं, तुम्ही नका मध्ये पडू.

एडवर्ड चहा घेऊन आला, तीन पेले एका हातात धरून, ही त्याची जुनी कसरत. अंगाने तो आता सुटला होता आणि गुडघ्यांनी कुरकुरत होता, पण खुर्ची ओढून बसण्याची धाटणी पडवीतलीच. सोमवारी हॉस्पिटलवाल्यांना काय ते सांगायचं होतं. दोनच वाटा. एक, मधला थर नव्या इंजिनच्या सवयी शिकून घेईल, त्याला जुन्यासारखाच घट्ट बांधला जाईल. दुसरी क्षितिजाची. तिने ती गेल्या आठवड्यात सगळ्यांसमोर मांडली होती: थराला खाली कोण आहे ते कळताच कामा नये. आज हे इंजिन, उद्या ते. थराने सगळ्यांशी सारखंच बोलावं, कुणाच्याही खास गुणांवर विसंबू नये. श्रीरंगला त्या दिवशी राग आला होता. खाली कोण आहे ते ठाऊक नसलेला मधला माणूस त्याच्याकडून काम काय करून घेणार? तिने तिच्या पद्धतीने एक भाग लिहून दाखवला तर वॉर्डातल्या पेशंटांची यादी यायला इतका वेळ लागला की एडवर्ड मध्ये उठून फोन करून आला. श्रीरंगने त्या इंजिनची नस न् नस ओळखली होती. कुठल्या क्रमाने मागितलं की ते झटकन देतं, काय मागितलं की रेंगाळतं, कुठे त्याला आधी चुचकारावं लागतं. त्याला तो बांधिलकी म्हणायचा. क्षितिजा त्याला अडकणं म्हणायची. आज पहिल्यांदा त्याला दोघांपैकी कुणाचंच म्हणणं पुरतं पटेना, आणि पेल्यातला चहा निवत चालला.

त्याच्या लहानपणी आप्पांशी कुणीच थेट बोलत नसे. हे तेव्हा चमत्कारिक वाटायचं नाही; जसं विहिरीशी कुणी बोलत नाही, पाणी रहाटाकडून घेतात. आप्पा पहाटे वाडीत उतरायचे, केळी, वेलवांगी, भाजी, आणि विहिरीकाठच्या पांगाऱ्यांवर चढवलेल्या पानवेली. दुपारी येऊन जेवायचे आणि पुन्हा जायचे. बोलणं नाही. रागीट होते का? तर कुणाला कधी बोट लावलं नाही. पण सहलीला जाऊ का, सायकल घेऊ का, मामाकडे राहू का, सगळे प्रश्न आईकडे जायचे. ती रात्री, नाहीतर दुपारी आप्पांच्या पानावर भात वाढताना कधीतरी ते पुढे सरकवायची असं श्रीरंग धरून चालायचा, कारण दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. आप्पा हो म्हणतात. आप्पा नको म्हणतात. आप्पांना आवडलं नाही हां ते. तिला कसं कळतं, असं त्याने एकदा विचारलं तर ती हसली होती. अरे, तांब्या खाली कसा ठेवतात त्यावरून कळतं. खाकरले की एक, बाहेर बघितलं की एक. तुला नाही कळायचं ते. आणि खरंच, श्रीरंगला ती विद्या वाटायची. इतकं एका माणसाला ओळखावं की त्याने तोंड उघडायची गरजच राहू नये. पुढे विनयाशी लग्न झाल्यावर काही दिवस त्याने वाट पाहिली होती की विनयाला आपला तांब्या कळेल. विनया ठाण्याची, नोकरी करणारी. ती म्हणाली, काय हवं ते तोंडाने सांगत जा, मी काय ज्योतिषी आहे? त्याला ते त्या वेळी फार उणं वाटलं होतं.

एक गोष्ट त्याला अगदी आतून आठवत होती. आठवीत असेल. पानवेल चढती असली की तिला पांगाऱ्याला बांधत न्यावी लागते, आणि बांधायला आप्पा केळीचं वाळकं सोपट वापरायचे, पाण्यात भिजवून, चिरून, त्याचे बंद करून. ते दोन-चार महिन्यांत कुजून आपोआप गळतं. तोवर वेलीने आपल्या मुळ्यांनी झाडाला धरलेलं असतं. श्रीरंगला हे बावळटपणाचं वाटलं. दरवेळी पुन्हा काय बांधायचं? त्याने बाजारातून नायलॉनची सुतळी आणली आणि सुट्टीत एक अख्खी रांग पक्की बांधून काढली. कौतुक होईल अशी खात्री होती. चार दिवसांनी बघतो तर आप्पा कोयती घेऊन एकेक सुतळी कापताहेत, पुन्हा सोपट बांधताहेत. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. संध्याकाळी आई म्हणाली, आप्पा रागावलेत तुझ्यावर, आता वाडीतल्या कामात हात घालू नको. त्याने पुन्हा घातला नाही. अभ्यासाला लागला, कॉम्प्युटरकडे गेला. वेलीला सुतळी का नको हे त्याला पुष्कळ पुढे, इंजिनिअर झाल्यावर, कुणाच्या तरी बोलण्यातून कळलं. वेल जाड होत जाते, नायलॉन तिच्या अंगात रुततं, वरचं पान पिवळं पडतं. बंद धरून ठेवणारा हवा, पण सुटायचं कधी ते कळणारा हवा.

आणि महिन्यापूर्वीचा तो रविवार. आता तो पुन्हा पुन्हा तोच बघत होता, बिघडलेल्या ओळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवावं तसा. गिरीजच्या घराच्या पडवीत आप्पा झोपाळ्यावर, विनया पायरीवर, तो उभा. विनया म्हणाली, आप्पा, आता एकट्याने इथे कसं व्हायचं? आमच्याकडे तुमच्या नातीची खोली रिकामीच आहे, कृतिका काय आता पुण्याहून यायची नाही. लिफ्ट आहे, खाली बाग आहे. वाडी सिप्रियनला कसायला देऊ, तो शेजारीच आहे, घरचाच माणूस. तिने मनापासून सांगितलं, पण सांगितलं. शेवटी प्रश्न नव्हता. आप्पा बाहेर बघत होते. मग खाकरले. परतताना स्कूटरवर विनयाने विचारलं, काय रे, त्यांना चालेल ना? आणि श्रीरंग म्हणाला, चालेल म्हणताहेत. म्हणताहेत. त्याने आरशात तिच्याकडे बघून, अगदी सहज, खात्रीने म्हटलं होतं. खाकरले की एक, बाहेर बघितलं की एक. आई गेली तेव्हा रिकामी झालेली ती जागा त्याने कधी भरून काढली ते त्यालाही कळलं नव्हतं. रकाना रिकामा होता. त्याने हिरवं लावून टाकलं होतं.

“मी जरा गिरीजला जाऊन येतो,” तो उठला.

“आत्ता?” एडवर्डने भुवया वर केल्या. “आणि सोमवारचं?”

“सोमवारचंच आहे ते.” यावर एडवर्डने फार विचारलं नाही. इतक्या वर्षांत श्रीरंगच्या तुटक बोलण्याचे अर्थ लावायचं त्याने सोडून दिलं होतं, आणि त्यामुळेच बहुधा दोघांचं टिकलं होतं.

पापडी ते गिरीज रस्ता तो काय. पण श्रीरंगने स्कूटर हळू चालवली. नव्या इमारतींच्या पाट्या, मधेच एखादी केळीची बाग, कुंपणावर वाळत घातलेली गोधडी, क्रुसापुढे कुणीतरी ठेवलेला झेंडू. ऊन उतरतं होतं तरी डोक्यात चढत होतं. समजा, त्याने मनाशी म्हटलं, विचारलं आणि नाही म्हणाले तर? मागच्या महिन्यात दोनदा न्हाणीत घसरले होते. डॉक्टर बोलले होते. विनयाने खोलीला पडदे शिवून घेतले होते. टेम्पोवाला आगाशीचा, ओळखीचा, त्याने दुसरं भाडं सोडलं होतं. न विचारण्याची किती कारणं माणसाला हाताशी सापडतात. आणि खरं कारण यांतलं एकही नव्हतं. खरं हे की पन्नाशी उलटलेल्या श्रीरंगला आपल्या बापाला समोर बसून काही विचारायची भीती वाटत होती, कारण ते त्याने आयुष्यात कधी केलेलं नव्हतं.

आप्पा विहिरीपाशी होते. खाली घोंगडीच्या तुकड्यावर बसून, घमेल्यात भिजवलेलं सोपट काढून त्याचे बंद चिरत होते. पानवेली आता कुणी लावत नाही, रोग पडून केव्हाच गेल्या. पण एका पांगाऱ्यावर एक वेल त्यांनी ठेवली होती, आईच्या पानापुरती. पान खाणारी आता नव्हती. वेल होती. उद्या घर सोडून जाणारा माणूस आज वेल बांधायची तयारी करतो याचा अर्थ काय, असा विचार श्रीरंगच्या डोक्यात आला, आणि त्याने तो तिथेच दाबला. अर्थ लावायचा नाही. दोन्ही बाजूंनी लावता येईल. जायचं नाही म्हणून बांधताहेत, किंवा जायचं आहे म्हणून शेवटची बांधून ठेवताहेत. आईने त्यातला एक निवडला असता, क्षणात.

तो समोर, जमिनीवरच बसला. आप्पांनी एकदा पाहिलं.

“आप्पा, उद्या टेम्पो येणार आहे.”

आप्पांनी एक बंद चिरून बाजूला ठेवला. मग विहिरीकडे बघितलं. श्रीरंगच्या अंगातलं सगळं ते बघणं टिपून घ्यायला पुढे धावलं, आणि त्याने ते हाताने धरून मागे ओढल्यासारखं आवरलं.

“तुम्हाला यायचंय का विरारला? मी विचारतोय तुम्हाला.”

सिप्रियनच्या बाजूने पंप चालू असल्याचा आवाज येत होता. मग आप्पा म्हणाले, “तुजी आय काय म्हनाली अस्ती?”

“आई नाही आता, आप्पा.”

“ता ठाऊक हाय माला.” ते पुन्हा सोपटाकडे वळले. “ती हांगायची. मी ऐकायचो.”

“ती तुमच्या वतीने सांगायची. तुमचं म्हणणं.”

“माजा?” आप्पांचा हात थांबला. तोंडावर हसू नव्हतं, राग नव्हता. कुणी आपल्याच घराचा पत्ता विचारावा तसा गोंधळ होता. “माला कोनी विचारलाच नय कदी. ती तुमाला हांगायची, आप्पा असा म्हनतात. ता मी आतून ऐकायचो. मंग माला कळायचा, बरा, माजा असा म्हनना हाय.”

हे त्याने अपेक्षिलं नव्हतं. तिला आप्पा चुकीचे कळले असतील, एखाद्या वेळी, इतपत तो मनात गेला होता. पण कळण्याचा प्रश्नच नव्हता. तिथे कळून घ्यायला काही ठेवलेलंच नव्हतं. तिने स्वतः भरलं होतं, चांगल्या मनाने, भातावर वरण वाढावं तसं.

“ती सुतळी मी बांधली होती पांगाऱ्यांना. तुम्ही रागावला होता.”

“मी? नय रे.” आप्पांनी आठवून पाहिलं. “माला बरा वाटला होता. पोऱ्याने अख्खी रांग बांधली. फक्त सुतळी रुतते म्हनून कापली. तुला दाखवनार होतो कशी बांधायची ती. तू आलासच नय मंग.”

पंप बंद पडला. मग जे सगळ्यात खाली होतं ते श्रीरंगने काढलं. कॉलेज संपल्यावर त्याला बंगलोरला नोकरी लागली होती, मोठ्या ठिकाणी. पत्र आलं त्या दिवशी त्याला झोप आली नव्हती. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, आप्पा नको म्हणतात, एवढ्या लांब नको. तो राहिला. पापडीच्या पडवीत दुसरी खुर्ची मांडली गेली ती त्यामुळे. विनया, कृतिका, हा थर, सगळंच त्यामुळे. वाईट काही झालं नव्हतं. पण बापावरचा एक बारीक, न बोललेला राग तो त्या दिवसापासून खिशात घेऊन फिरत होता, आणि आता तो इतका जुना झाला होता की अंगाचाच भाग वाटायचा. “तुम्ही नको म्हणालात,” तो म्हणाला. “बंगलोरला.”

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. इतका वेळ, सरळ, त्यांनी त्याच्याकडे कधी पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. डोळ्यांच्या बाहुल्यांभोवती म्हातारपणाची निळसर कड आली होती.

“ती माला म्हनाली,” आप्पा सावकाश म्हणाले, “श्रीरंगला जायचा नय.”

श्रीरंगला आईचा राग आला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. दोन्हीकडे. वरचं खाली आणि खालचं वर, दोन्हीकडे तिनेच. आणि त्या रागातच ती त्याला दिसली, दारात, ओले हात पदराला पुसताना, एकुलता एक मुलगा लांब जाणार म्हणून कुणालाही न सांगता घाबरलेली चाळिशीतली बाई, जिचं स्वतःचं म्हणणं काय हे या घरात कुणी एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचं काही बोलायचं तर दुसऱ्याच्या नावावरच बोलावं लागत होतं. राग उतरला नाही. पण त्याच्याबरोबर रडूही आलं, आणि ते त्याने आवरलं नाही. आप्पा बघत होते. त्यांनी घमेलं थोडं बाजूला सारलं, आणि मग एक बंद त्याच्या हातात दिला. श्रीरंगने तो चिरायला घेतला. सोपट गार होतं, त्याला मातीचा आणि किंचित आंबूस वास होता.

चिरता चिरता त्याला सोमवारचं उमगलं, कुणी शेजारी येऊन सांगावं इतकं साधं. खाली कोण आहे ते थराला ठाऊक असायला हवंच. क्षितिजाचं ते खरं नाही. ज्याच्याबरोबर काम करायचं त्याची नस ओळखल्याशिवाय काम होत नाही, आणि घट्ट बांधल्याशिवाय वेल वर चढत नाही. पण बांधायचं ते सोपटाने. कुठे बांधलं ते दिसेल असं, सोडवता येईल असं. आणि खालून काही आलं नाही तर थराने आपल्या पदरचं घालायचं नाही. त्याने फोन काढून क्षितिजाला लिहिलं: रिकाम्या रकान्याला आपण काहीही नाव द्यायचं नाही. जिथे रिकामं आहे तिथे नर्सला विचारायलाच लावायचं. बाकी सोमवारी बोलू, तुझं अर्धं बरोबर आहे. लगेच उत्तर आलं: कुठलं अर्धं, सर? त्याला हसू आलं. मुलगी विचारते, हे बरं आहे.

फोन हातात असतानाच विनयाचा आला. “गिरीजला आहेस? एडवर्ड म्हणाला. कपाटाची किल्ली तेवढी घे आठवणीने, आणि पलंगाचे स्क्रू आजच ढिले करून ठेव. आप्पा काय म्हणताहेत?”

बरे आहेत, ठीक आहे म्हणताहेत. हे त्याच्या ओठांवर आलेलं होतं. पन्नास वर्षांची तयारी होती त्यामागे. तो थांबला. फोन वाजला की आप्पा आयुष्यभर ‘लीलाकडे दे’ म्हणत आले होते. ती गेल्यावर तर वाजणाऱ्या फोनकडे ते वळूनही बघत नसत. श्रीरंगने फोन त्यांच्यापुढे धरला.

“विनया आहे. तुम्हाला विचारतेय.”

आप्पांनी फोनकडे बघितलं, मग श्रीरंगकडे. मग पंच्याला हात पुसले, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनही, आणि फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

“विनया, मी एकनाथ,” ते म्हणाले. पलीकडे ती गप्प झाली असावी, कारण तेही थांबले. “उद्या टेम्पो नको पाठवू.” पुन्हा थांबले, ऐकलं. “नय, नय. नको म्हनत नय मी. हो बी म्हनत नय. माला ठाऊक नय अजून. माला आज विचारलाय.” श्वास घेतला. “मी इचार करतो. मंग मीच हांगेन तुला.”

फोन बंद कसा करायचा ते ठाऊक नसल्यामुळे त्यांनी तो तसाच चालू श्रीरंगच्या हातात दिला आणि घमेलं पुन्हा पुढ्यात ओढलं. श्रीरंगने तो कानाशी नेला. विनया त्याच्याशी बोलत नव्हती. तिला वाटत होतं, अजून आप्पाच ऐकताहेत.

“बरं आप्पा,” ती म्हणत होती. “मी थांबते.”